दुकानात वर्दळ, गल्ला रिकामा : कोकमाच्या वेबसाइटवर लोक येतात आणि तसेच जातात

आगळवेगळी | १२ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय, लिहायची ही पहिलीच वेळ. सांभाळून घ्या.

कुडाळपासून थोडं आत आमचं घर. परसात रातांब्याची, म्हणजे कोकमाची झाडं आहेत, कमी पडले तर वाडीतल्यांकडून रातांबे घेतो. सासूबाई आणि मी मिळून आमसुलं, आगळ, सरबत, कुळथाचं पीठ, फणसपोळी करतो. पूर्वी सगळा माल ओळखीतच खपायचा. गणपतीला आलेले चाकरमानी परतताना पिशव्या भरून न्यायचे. दीड वर्षापूर्वी भाच्याने वूकॉमर्सवर (ऑनलाइन दुकान उभारायचं सॉफ्टवेअर) वेबसाइट करून दिली.

आता रडगाणं. जानेवारीत साइटवर २,१४० माणसं येऊन गेली. ऑर्डरी आल्या ११. त्यातल्या दोन नणंदेच्या मैत्रिणींच्या, म्हणजे धरूच नका. बाकीची आली कशाला आणि गेली का, काही पत्ता नाही. भाचा म्हणतो, 'खरेदी करा' बटणाचा रंग भगवा करूया. एका जाहिरातवाल्याने महिन्याला २५,००० मागितले, येणारी माणसं तिप्पट करून देतो म्हणाला. माझी सरासरी ऑर्डर ४१० रुपयांची. ११ च्या ३३ झाल्या तरी साडेतेरा हजारांची विक्री, आणि त्याला द्यायचे पंचवीस! सासूबाईंनी एका वाक्यात विषय मिटवला: "त्याला म्हणावं, तूच ये दुकान चालवायला."

आहेत त्याच माणसांतली थोडी जास्त गिऱ्हाइकं कशी करायची, एवढंच विचारायचंय.

बाइटपंडित | १२ फेब्रुवारी

ताई, आधी तो २,१४० चा आकडा फोडा. किती जण कुठल्या पानावर उतरले, कार्टमध्ये वस्तू किती जणांनी टाकली, पत्ता भरायच्या पानापर्यंत किती पोचले. गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये सगळं सापडेल, भाच्याला बसवा. ते न बघता बटणाचा रंग बदलणं म्हणजे पाइप कुठे फुटलाय ते न शोधता नळाला नवी तोटी बसवणं.

आगळवेगळी | १३ फेब्रुवारी

बसवला भाच्याला, चहा-पोह्यांवर. १,२३० जण थेट 'सोलकढी कशी करावी' या पानावर आले आणि कृती वाचून निघून गेले. उरलेले ९१० दुकानाच्या पानांवर फिरले. कार्टमध्ये काहीतरी टाकलं ७४ जणांनी. पत्त्याच्या पानापर्यंत ४६. ऑर्डर ११.

पेठेतला वाणी | १३ फेब्रुवारी

आमच्या बोळात वळवाचा पाऊस आला की वीस माणसं दुकानाच्या फळीखाली उभी राहतात. त्यांना मी गिऱ्हाईक धरत नाही आणि त्यांनी काही घेतलं नाही म्हणून रात्री तळमळतही नाही. तुमचे ते १,२३० सोलकढीवाले म्हणजे पावसाला थांबलेली माणसं. सोडून द्या.

मला दुसऱ्याच आकड्याचा धक्का बसला. ७४ जणांनी माल हातात घेतला आणि त्यातले ६३ जण तो गल्ल्यावर ठेवून चालते झाले. माझ्याकडे असा एक जरी गेला तरी मी पायरी उतरून विचारीन, "काय हो, काय झालं?" तुम्ही विचारलंत का?

बाइटपंडित | १३ फेब्रुवारी

वाणीशेटशी अर्धा सहमत. कार्ट भरून सोडून जाणं हा जगभरचा रोग आहे. बेमार्ड इन्स्टिट्यूट नावाची संस्था वर्षानुवर्षं हेच मोजते, त्यांची सरासरी ७० टक्क्यांच्या आसपास आहे. ताईंचं ८५. म्हणजे जगाच्या मानाने थोडं वाईट, आभाळ कोसळलेलं नाही. पण त्याच संस्थेने विचारलेल्या कारणांमध्ये वरचं कारण कायम एकच असतं: शेवटी वाढलेला खर्च. टपाल, कर, शुल्क वगैरे. तुमच्याकडे टपालखर्च कुठे दिसतो?

आगळवेगळी | १३ फेब्रुवारी

पत्ता भरल्यावर. पिनकोड कळल्याशिवाय हिशोब होत नाही म्हणून. अर्धा लिटर आगळ १८० ला, वर मुंबईला ९०, नागपूरला १२० लागतात. शिवाय जीएसटीही तिथेच धरला जातो.

(लिहिताना माझंच मला कळलं. पुढचं कुणी बोलू नका.)

चोपडी | १३ फेब्रुवारी

एवढं तरी बोलू द्या. पाकीटबंद मालावर छापायची एमआरपी सर्व करांसहित असते. साइटवर कराशिवायची किंमत दाखवून शेवटी कर चढवू नका. पहिल्या पानावरच करासकट आकडा लिहा. आणि परराज्यात करपात्र माल पाठवायचा तर उलाढाल लहान असली तरी जीएसटी नोंदणी लागते. तुमची आहे असं दिसतंय, ठीक. इतर वाचकांसाठी लिहिलं.

वऱ्हाडी ठेचा | १४ फेब्रुवारी

मी अमरावतीची. धागा वाचून मुद्दाम तुमच्या साइटवर गेले (कोकमावरून शोधली, सापडली). गिऱ्हाईक म्हणून काय वाटलं ते सांगते, राग मानू नका.

पहिल्या पानावर स्ट्रॉबेरीचा फोटो आहे! विकत आणलेला असावा. खाली 'शुद्धता हीच आमची ओळख'. असं कोण लिहीत नाही? भेसळवालाही हेच लिहितो. 'आमच्याविषयी' वर क्लिक केलं, तिथे ना नाव, ना गाव, ना फोन. तुम्ही इथे धाग्यात सासूबाईंचं जे एक वाक्य लिहिलंत, त्याने माझा जेवढा विश्वास बसला तेवढा त्या अख्ख्या साइटने बसला नाही.

दुसरं म्हणजे आगळ म्हणजे काय, हे तिथे कुठेच लिहिलेलं नाही. आमच्याकडे आमसूल माहीत आहे, कोकम सरबत माहीत आहे. आगळ? मी साखर घातलेलं सरबत समजून घेतलं असतं, पाण्यात घालून प्यायले असते आणि तुम्हाला एक तारा देऊन मोकळी झाले असते.

आगळवेगळी | १४ फेब्रुवारी

राग कसला, पाय धरते तुमचे. आगळ म्हणजे रातांब्याचा घट्ट रस, मीठ घालून टिकवलेला. साखरेचा कण नाही. सोलकढीला, आमटीला, माशाच्या कालवणाला. सरबत म्हणजे साखरेच्या पाकातलं, पाणी घालून प्यायचं. आम्हाला हे सांगायची गरज असते हेच डोक्यात आलं नाही. इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

आता आठवलं, मागे पुण्याच्या एका बाईंनी "सरबत खारट निघालं" म्हणून पैसे परत मागितले होते. मी त्यांनाच मनात चार शिव्या घातल्या होत्या.

शून्य टक्के | १४ फेब्रुवारी

वस्तू कमी करा. शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा २००० सालचा जॅमचा प्रयोग प्रसिद्ध आहे. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात २४ प्रकारचे जॅम मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी जेमतेम ३ टक्क्यांनी विकत घेतला, ६ च प्रकार मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. तुमच्याकडे सतरा वस्तू दिसतात. पाचवर या.

बाइटपंडित | १४ फेब्रुवारी

हा जॅम प्रत्येक चर्चेत निघतो. त्यानंतर अशा प्रयोगांचा एकत्र हिशोब २०१० मध्ये मांडला गेला, तेव्हा सरासरी परिणाम जवळपास शून्य निघाला. कधी जास्त पर्याय मारक, कधी तारक. ताईंच्या सतरा वस्तूंनी कुणी गोंधळत नाहीये. 'आगळ' आणि 'सरबत' या दोनच शब्दांनी गोंधळतायत.

तसंच ते अर्ध्या लोकांना एक बटण आणि अर्ध्यांना दुसरं दाखवून तुलना करायचं खूळ. येणाऱ्यांतले घेणारे १ टक्क्यावरून दीड टक्क्यावर गेले हे खात्रीने म्हणायला प्रत्येक बाजूला साधारण ८,००० माणसं लागतात. ताईंच्या दुकानात महिन्याला ९१० येतात. भगवं बटण चांगलं की हिरवं, हे कळायला दीड वर्ष जाईल. दोन रातांबे हंगाम उलटतील तोवर.

शून्य टक्के | १४ फेब्रुवारी

बरं बाबा, जॅम मागे घेतो.

निमकर भाऊजी | १५ फेब्रुवारी

एक सोपा उपाय आहे. साइटला जोडायचं एक प्लगइन येतं, 'फक्त ३ शिल्लक', 'ठाण्याच्या अमुक यांनी आत्ताच खरेदी केली', उलटं घड्याळ वगैरे. माझ्या मित्राच्या दुकानात लावल्यावर विक्री वाढली. माणसाला घाई लावावीच लागते.

पेठेतला वाणी | १५ फेब्रुवारी

आणि दुसऱ्या दिवशी तेच गिऱ्हाईक आलं आणि तरीही 'फक्त ३ शिल्लक' दिसलं की? आमच्याकडे गिऱ्हाईक तिसऱ्या पिढीतलं येतं. घड्याळं लावून ते येत नसतं.

चोपडी | १५ फेब्रुवारी

शिवाय नियमही आड येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. तेरा प्रकार दिलेत, त्यातला पहिलाच 'खोटी घाई'. सगळी किंमत आधी न सांगता टप्प्याटप्प्याने उघड करणं हाही एक प्रकार त्यात आहे. ताईंनी मुद्दाम केलेलं नाही, पण गिऱ्हाइकाला ते तसंच दिसतं.

आगळवेगळी | १५ फेब्रुवारी

भाऊजी, आमच्याकडे खरीच घाई असते की. रातांबे एप्रिल-मे मध्ये पिकतात, पाऊस लागायच्या आत सोलं (रातांब्याची सालं) सुकायला हवीत. रसात भिजवायची, उन्हात घालायची, परत भिजवायची. एक वळीव अवेळी आला की खेळ खलास. या वर्षीचा माल संपला की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत नाही. हे खरं आहे तेच लिहीन, तारखेसकट.

खोकेवाला | १६ फेब्रुवारी

टपालखर्चावर बोलतो, माझा धंदाच पॅकिंगचा. लिटरची बाटली तुम्ही केवढ्या खोक्यात घालता? लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये सांगा.

आगळवेगळी | १६ फेब्रुवारी

३५, १८, १८. फुटू नये म्हणून भोवती पेंढा असतो. वजन सगळं मिळून १.४ किलो.

खोकेवाला | १६ फेब्रुवारी

कुरियरवाले खऱ्या वजनाबरोबर आकारमानाचं वजनही काढतात. तिन्ही मापांचा गुणाकार भागिले ५,०००, हे बहुतेकांचं सूत्र. दोन्हींतलं जे जास्त त्याचे पैसे. तुमचं खोकं ११,३४० भागिले ५,००० म्हणजे २.२७ किलोचं झालं. अर्धा-अर्धा किलोचे टप्पे असतात, म्हणजे तुम्ही १.४ किलोच्या मालाला अडीच किलोचा दर भरताय. पेंढ्याचे पैसे देताय, ताई.

३० × १२ × १२ चं पाचपदरी खोकं घ्या, बाटलीला बुडबुड्यांचा कागद दोन वेढे. आकारमान ०.८६ किलोवर येतं, मग खरं वजन धरतात आणि तुम्ही दीड किलोच्या टप्प्यात बसता.

पेठेतला वाणी | १६ फेब्रुवारी

याला म्हणतात सल्ला. बाकी आम्ही सगळे कविता करत होतो.

परदेशी पांथस्थ | १७ फेब्रुवारी

ताई, त्या १,२३० मधला एक मी. न्यू जर्सीत राहतो, दर शनिवारी तुमचंच पान उघडून सोलकढी करतो. विकत काही घेत नाही कारण तुम्ही इकडे पाठवत नाही. पण माझी आई डोंबिवलीत आहे. तिला इथून भेट पाठवता येईल का, असा विचार दोनदा केला. बिलाचा पत्ता माझा आणि माल आईला, अशी सोयच नाही. फोन नंबरही +९१ शिवाय घेत नाही तुमची साइट.

वाणीकाका, पावसाला थांबलेल्यांच्याही आया असतात!

बाइटपंडित | १७ फेब्रुवारी

हा मुद्दा भारी आहे.

तुम्ही खातं उघडायला लावता का हो, ताई? २००९ मध्ये जॅरेड स्पूल यांनी एका मोठ्या दुकानाची गोष्ट लिहिली होती, दुकानाचं नाव न सांगता. पैसे भरायच्या आधी 'नोंदणी करा' असं बटण होतं. ते काढून 'पुढे चला' असं केलं आणि खातं नसलं तरी चालेल हे खाली लिहिलं. पहिल्या वर्षात ३० कोटी डॉलरची विक्री वाढली, असं त्यांनी लिहिलंय. तुमचे ३० कोटी होणार नाहीत, पण गिऱ्हाईक आगळ घ्यायला आलंय, तुमच्याशी सोयरीक जमवायला नाही.

आगळवेगळी | १७ फेब्रुवारी

लावते. पासवर्डात एक मोठं अक्षर, एक आकडा आणि एक चिन्ह पण मागते. गप्प बसते आता.

वऱ्हाडी ठेचा | १७ फेब्रुवारी

आणि ती 'कूपन कोड' ची रिकामी चौकट काढा. ती दिसली की मला वाटतं, सगळ्यांना सवलत मिळतेय आणि मलाच नाही. मग मी कोड शोधायला जाते आणि तिकडेच हरवते.

आगळवेगळी | १९ फेब्रुवारी

वाणीकाकांचं ऐकलं. ६३ मधल्या ज्यांनी नंबर दिला होता त्या ३१ जणांना मी स्वतः व्हॉट्सअ‍ॅप केलं. "मी कुडाळहून बोलतेय, तुमची ऑर्डर अर्धी राहिली, काही अडचण आली का? घ्यायलाच हवं असं नाही." एकदाच, परत नाही. बारा जणांनी उत्तर दिलं. सात जण म्हणाले टपालखर्च. दोघींना आगळ की सरबत कळेना. एकीने चुकून दाबलं होतं. एकजण इन्स्टाग्रामवरून आला होता, तिथल्या तिथे साइट उघडली आणि यूपीआयचं बटण दाबल्यावर काहीच होईना. बारावे आजोबा होते, त्यांनी उलट मलाच फोन केला आणि वीस मिनिटं त्यांच्या आजोळच्या रातांब्यांबद्दल बोलले. शेवटी तीन बाटल्या घेतल्या.

मग शेजारच्या मावशींना फोन दिला, म्हटलं एक आमसुलाचं पाकीट मागवून दाखवा, मी बोलणार नाही. मावशींनी नाव मराठीत लिहिलं, पत्ता मराठीत, पिनकोडही मराठी आकड्यांत. साइटने लाल अक्षरांत इंग्रजी सूचना दिली. मावशींनी परत तेच लिहिलं. परत लाल. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "मेलं याला आपलं गाव माहीत नाही वाटतं," आणि फोन मला परत दिला.

मी मराठी साइट काढली म्हणून मिरवत होते.

बाइटपंडित | १९ फेब्रुवारी

ही चूक मीही कधी पकडली नसती. भाच्याला सांगा, पिनकोड आणि फोनच्या चौकटीत देवनागरी आकडे आले तर आपोआप रोमन करून घ्यायचे, चार ओळींचं काम आहे. पत्ता मात्र कुरियरच्या चिठ्ठीवर मराठीत नीट छापतो का ते तपासा. काही ठिकाणी नुसती प्रश्नचिन्हं छापून येतात.

क्लॅरिटी म्हणून मायक्रोसॉफ्टचं एक फुकट साधन आहे. माणूस पानावर कुठे अडखळला, कुठे चिडून दहादा बोट आपटलं, ते चित्रफितीसारखं दिसतं. पण खरं सांगू, मावशी जास्त अचूक आहेत.

निमकर भाऊजी | २० फेब्रुवारी

घरपोच पैसे घेण्याचं काय करता? आमच्याकडे अशा ऑर्डरीतल्या कितीतरी परत येतात. जाण्याचंही भाडं आपलं, येण्याचंही.

आगळवेगळी | २० फेब्रुवारी

११ पैकी ७ तशा होत्या, त्यातल्या ३ परत आल्या. एक बाटली परतीच्या प्रवासात फुटली आणि बरोबरची फणसपोळी आगळात न्हाली.

पेठेतला वाणी | २० फेब्रुवारी

बंद करू नका, नवं गिऱ्हाईक आधी पैसे द्यायला कचरतं, आणि त्याचं बरोबर आहे. ५० रुपये आगाऊ घ्या, बाकी दारात. ज्याला माल नको असतो तो ५० सुद्धा देत नाही. आणि पाठवायच्या आधी एक फोन. 'देवळामागे, सावंतांच्या घराजवळ' असल्या पत्त्याला फोनच लागतो.

आगळवेगळी | ११ एप्रिल

धागा वर काढतेय. कबूल केल्याप्रमाणे हिशोब.

स्ट्रॉबेरी गेली. तिथे आता आमच्या मागीलदारी वाळत घातलेल्या सोलांचा फोटो आहे, सासूबाईंचा हात दिसतो, चेहरा द्यायला त्या तयार नाहीत. नाव, गाव, फोन आणि अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर पहिल्याच पानावर. आगळाखाली मोठ्या अक्षरांत 'खारट आहे, गोड नाही'. भाचा म्हणाला, असं लिहिलं तर कोण घेईल? तेव्हापासून खारट सरबताची एकही तक्रार नाही.

खोकं बदललं. टपाल आता सगळीकडे सरसकट ६० रुपये, थोडं मी सोसते, आणि किमतीच्या शेजारीच लिहिलंय. पूर्वी १,४९९ च्या वर टपाल माफ होतं, तिथवर कुणी पोचतच नव्हतं. आता ६९९ ला माफ. लोक ५४० वर आले की कुळथाचं पीठ टाकून आकडा पुरा करतात. खातं नको, कूपनची चौकट नको, आईला पाठवायची सोय झाली.

मार्चमध्ये दुकानाच्या पानांवर ८७० जण आले, म्हणजे उलट कमीच. कार्ट ८१, ऑर्डरी २७. घरपोच पैशांच्या १२, परत आली १. सरासरी ५६० रुपये. पण होळीनंतर उन्हं तापली, सरबताचा हंगाम लागला. म्हणून यातलं किती आमच्या अकलेचं आणि किती सूर्याचं, ते मला सांगता येणार नाही. पुढच्या जानेवारीचा आकडा जानेवारीशी लावून बघेन.

सोलकढीच्या पानावर कृतीच्या मध्येच एक ओळ टाकली: 'घरात आगळ नसेल तर आमच्याकडे आहे, १८० रुपये, टपाल ६०'. त्यावरून ६ ऑर्डरी आल्या. २७ मध्येच धरल्यात.

जे जमलं नाही तेही सांगते. इन्स्टाग्राममधून यूपीआय अजून कधी चालतं, कधी नाही. तिथे आता 'अडचण आली तर व्हॉट्सअ‍ॅप करा' एवढंच लिहिलंय.

पेठेतला वाणी | ११ एप्रिल

सहा? पावसाला थांबलेल्यांतले सहा?

परदेशी पांथस्थ | ११ एप्रिल

त्यातली एक माझी, काका. आईला पोचली. तिचं म्हणणं, मीठ थोडं जास्त आहे.

आगळवेगळी | १२ एप्रिल

त्यांना सांगा, नव्या रातांब्याचं आगळ मे अखेरीस येईल, त्यात बघते. मीठ कमी केलं तर टिकत नाही म्हणून सासूबाई ऐकत नाहीत.

वऱ्हाडी ठेचा | १२ एप्रिल

माझी ऑर्डर काल टाकली. मुद्दाम पिनकोड मराठीत लिहिला. घेतला बरं का! फक्त आमसुलाच्या पाकिटासमोर अजूनही वजन कुठे लिहिलेलं नाही, तेवढं बघा.